हाडाचा तुकडा की कुणाचं अवजार?



भिंती पोतारायला आपण गावाजवळच्या पांढरीची माती आणतो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. त्या मातीत खापरं निघतात, मणी निघतात, बांगड्यांचे तुकडे निघतात. कधी एखादा गुळगुळीत, टोकदार हाडाचा तुकडाही हाती येतो. हाडच ते, म्हणून आपण तो फेकून देतो. पण ते कुणाचं तरी अवजार असू शकतं. ते ओळखायचं कसं, हे आज बघू.

लोखंड स्वस्त होण्याआधी हाड, शिंग आणि हस्तिदंत यांच्या कितीतरी वस्तू घडत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. कुंभार, सोनार यांच्यासोबत हस्तिदंताचं काम करणारा कारागीरही त्या गावात राहत होता, असं अभ्यासकांनी दाखवलं.

वस्तू हाती आली की आधी बघायचं, ती कशाची आहे. हाडावर बारीक छिद्रं किंवा रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सांबराचं शिंग आतून जाळीदार, भुसभुशीत असतं.

मग बघायचं, झीज कुठे आहे. आपल्या विळ्याची मूठ जिथे धरतो तिथेच चकाकते ना, तसंच. टोक झिजलेलं आणि मागे नेढं असेल, तर ती सुई किंवा दाभण. नेढं नाही, पण टोकाभोवती गोल ओरखडे आहेत, तर भोक पाडायची आरी असू शकते. बारीक, गुळगुळीत, टोकं गोलसर अशी कांडी डोळ्यांत सुरमा घालायची असू शकते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची: ते काम आज कोण करतं, त्यांना विचारायचं. फ्रान्समध्ये दोन ठिकाणी हरणाच्या बरगडीचे घासलेले तुकडे सापडले, सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचे. ते कशाचे, हे कोडं होतं. आजचे चामड्याचे कारागीर तशाच हाडाच्या पट्टीने चामडं घासून मऊ आणि चकचकीत करतात, हे ध्यानात आलं आणि २०१३ मध्ये उलगडा जगापुढे आला. ती आपल्याहून जुन्या निअँडरथल माणसांची अवजारं होती.

सगळीच कोडी सुटतात असं नाही. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये भारतात घडलेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या डोक्यात वरून भोक आहे. कुणी म्हणतं, ती आरशाची मूठ. कुणी म्हणतं, छोट्या मेजाचा पाय. त्याच घडणीची तुटकी मूर्ती आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनला, १९७३ च्या उत्खननात मिळाली. म्हणजे आपल्या शेजारच्या मातीतला एक तुकडा सातासमुद्रापारची वस्तू समजून घ्यायला कामी आला.

आपल्या जिल्ह्यातही संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी भोन आहे. तिथे विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाचं पाणी एकदम दिसतं. पांढर मात्र टोपलीटोपलीने संपते. ती टोपली बहुतेकदा आपल्याच डोक्यावर असते.

म्हणून एवढं करा. अशी वस्तू दिसली तर घासू नका, धुऊ नका, सुईने टोचून बघू नका. झिजेच्या खुणा गेल्या की वस्तू मुकी होते. कुठे, किती खोल, कशासोबत सापडली ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा कलेक्टरला कळवावा, असा १८७८ पासूनचा कायदाच आहे.

आणि गटाच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांच्या आजीकडे शिवायची, विणायची, सुरमा घालायची कोणती साधनं होती. पुस्तकात नसलेलं उत्तर त्यांच्या हातांना ठाऊक असतं.