लॉकशेजारचं घर

जुलैतली सकाळ. लेकीने सुकाणू धरलं आणि आमची भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली अरुंद लांब बोट, इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनजवळच्या ब्लिझवर्थ बोगद्यात शिरली. बाहेर लख्ख ऊन, आत वरून टपटपणारं गार पाणी. सुमारे पावणेतीन किलोमीटरचा हा बोगदा १८०५ साली खुला झाला. तेव्हा बोटी घोडे ओढत, पण आत घोड्याला चालायला वाट नाही. म्हणून घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा, आणि बोट ढकलायची माणसांनी, पायांनी. पुढच्या टोकाला आडव्या फळीवर दोघांनी उताणं पडायचं आणि दोन्हीकडच्या भिंतींवर पावलं रेटत राहायचं. १८७१ मध्ये वाफेच्या टगबोटी आल्या तेव्हा हे थांबलं. मी तीस वर्षं या देशात नर्सिंग केलं, कामाने मोडलेल्या कमरा रोज पाहिल्या. त्या अंधारात मला दुसरं काही सुचेना.

पलीकडे स्टोक ब्रुअर्न. जुन्या बोटीची केबिन पाहायला मिळाली म्हणून वाकून आत गेले. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी दहाच्या आसपास. दाराशीच डाव्या हाताला कोळशाची शेगडी. कपाटाचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल, आडवी फळी ओढली की नवरा-बायकोचा बिछाना. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, कडेने जाळीदार नक्षीच्या बशा टांगलेल्या. उरलेली सगळी बोट कोळशाला आणि मालाला. रेल्वेने भाडी पाडली, गडी ठेवणं परवडेना, तेव्हा बायकापोरांना बोटीवर आणून याच जागेत संसार थाटले गेले. बाई सुकाणू धरायची, लॉकची (बोट वर-खाली नेण्यासाठी पाणी भरायच्या-सोडायच्या बंदिस्त टप्प्याची) दारं ढकलायची, आणि बाळंतही इथेच व्हायची. पोरांच्या हालांविरुद्ध जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने आवाज उठवला, १८७७ मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी सुरू झाली. पण आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या पोराला कुठली शाळा धरून ठेवणार? कित्येकांना सही करता येत नसे. डॉक्टरचंही तेच. पत्ताच नाही, तर दवाखाना कुठला?

म्हणून मला इथली मेरी वॉर्ड फार जवळची वाटते. लोक तिला सिस्टर मेरी म्हणत. दोरखंड विकणाऱ्याची ही मुलगी, वरच्या लॉकला लागूनच घर. त्या घरातच तिने बोटवाल्यांवर उपचार केले, सुरुवातीची कित्येक वर्षं पदरमोड करून. १९५१ मध्ये तिला सरकारी पदक मिळालं, १९६२ मध्ये ती निवृत्त झाली. लगेचच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि बोटींचा मालधंदा जवळजवळ संपलाच.

तिच्या घरासमोर आमची बोट लॉकमध्ये घेतली. मागून आलेली दुसरी बोट शेजारी येऊन बसली. हे लॉक दोन नॅरोबोटी मावतील इतकं रुंद आहे. लेकीने झडपा उघडल्या, पाणी हळूहळू उतरू लागलं.

“आई, दोर सैल सोडत राहा गं!” ती वरून ओरडली.

दोर सोडता सोडता माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. कितीही घाई असो, लॉकमध्ये बोटीला थांबावंच लागतं. सिस्टर मेरीला रोगी गाठायला याहून चांगली जागा मिळाली नसती. खालची दारं उघडेपर्यंत आम्हाला बारा मिनिटं लागली. तेवढ्यात जखम धुऊन नवी पट्टी बांधून होते, बाळाचा ताप पाहून होतो.