डाकबंगल्याची ओसरी आणि भोयाचा खांदा : हिमालयातील कौटुंबिक मुक्कामाच्या वाङ्मयेतिहासाची एक बाजू

हिमालयातील मुक्कामाविषयीचे भारतीय साहित्य बहुधा निसर्गानुभवाचे साहित्य म्हणून वाचले जाते. देवदारांची अरण्ये, हिमशिखरे, एकान्त आणि त्या एकान्तातील आत्मशोध हीच त्याची आशयसूत्रे मानली जातात. मुक्कामाचे घर कोणाच्या श्रमावर चालत होते आणि प्रवासी कुटुंब तेथवर कसे पोहोचत होते, हे प्रश्न मात्र इतिहासकारांकडे सोपविले जातात. या विभागणीमुळे साहित्यकृतीतच नोंदलेला पुरावा अभ्यासकाच्या नजरेतून निसटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरात वस्तीला थांबण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. यात्रेकरूंसाठी चट्ट्या आणि धर्मशाळा होत्या. काका कालेलकर यांची १९१२ मधील पायी यात्रा या परंपरेतील होय. तिच्यावरील ‘हिमालयनो प्रवास’ हा ग्रंथ या मराठीभाषक लेखकाने गुजरातीत लिहिला, ही बाबही तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. दुसरी परंपरा डाकबंगल्याची. सरकारी वाटांवर टप्प्याटप्प्याने बांधलेली बैठी इमारत, पुढे ओसरी, दिमतीला चौकीदार व खानसामा आणि मेजावर अभ्यागतांची नोंदवही, असे तिचे स्वरूप असे. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाल्यानंतर अशी विश्रामगृहे जंगलात आतवर गेली. ती अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी बांधलेली होती. पुढे सुटीत सहकुटुंब राहण्याचीही सोय त्यांतून झाली.

भारतीय लेखनातील या मुक्कामाचे एक आद्य आणि समर्थ चित्र रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘जीवनस्मृति’त (१९१२) आढळते. १८७३ मध्ये मुंज झाल्यानंतर वडील देवेंद्रनाथ यांच्यासह ते बोलपूर व अमृतसरमार्गे डलहौसीला गेले. तेव्हा त्यांचे बारावे वर्ष सरत आले होते. बक्रोटा शिखरावरील घर, लोखंडी टोकाची काठी घेऊन देवदारांत एकट्याने भटकण्याची मुभा, पहाटेचे संस्कृत पाठ आणि थंडगार पाण्याचे स्नान हा भाग सर्वपरिचित आहे. वाटेवरच्या डाकबंगल्यांतील संध्याकाळीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. तेथे उघड्यावर बसून वडील मुलाला तारे ओळखायला शिकवीत. घरी दूरस्थ राहणारा पिता मुलाला प्रथम गवसतो तो या प्रवासात.

याच वर्णनात झंपानी, म्हणजे खुर्चीवजा पालखी वाहणारे भोई, येतात. घनदाट झाडी आणि खळाळते झरे असलेल्या वळणावर ते ओझे खाली ठेवून विसावतात आणि अशी जागा सोडून पुढे का जायचे, असे मुलाला वाटते. सौंदर्यानुभवाचा हा क्षण सहसा बालमनाच्या तृष्णेचे उदाहरण म्हणून वाचला जातो. परंतु ते स्थळ मुलाने निवडलेले नाही. भोयांच्या खांद्यांनी ते निवडले आहे. वर्णनाची लय त्यांच्या दमाची लय आहे, आणि लेखकाने ही गोष्ट लपविलेली नाही.

१९०३ मध्ये रवींद्रनाथ पुन्हा हिमालयात राहिले, ते कुमाऊंतील अल्मोड्याला. आदल्या वर्षी पत्नीचे निधन झाले होते आणि क्षयग्रस्त कन्या रेणुकाला डोंगरी हवा मानवेल अशी आशा होती. ‘शिशु’ संग्रहातील कविता या मुक्कामात लिहिल्या गेल्या. त्याच वर्षी रेणुका वारली. रेल्वे १८८४ पासून काठगोदामपर्यंतच होती. तेथून पुढे आजारी माणसाला माणसांच्याच खांद्यांचा आधार होता.

कुमाऊंत या खांद्यांचा स्वतंत्र इतिहास आहे. फिरतीवरील अधिकाऱ्यांचे सामान वाहणे (कुली-उतार), विनामोबदला राबणे (कुली-बेगार) आणि शिधा, दूध, सरपण पुरविणे (बर्दायश) हे गावकऱ्यांवर पाळीपाळीने लादलेले होते. महाराष्ट्रात वेठ या नावाने परिचित असलेल्या प्रथेचेच हे डोंगरी रूप. कोणत्या घराची पाळी केव्हा, हे गावच्या नोंदवहीत लिहिलेले असे. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत आदींच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी वेठ नाकारण्याची शपथ घेतली आणि गावप्रमुखांनी त्या वह्या सरयूच्या पात्रात फेकल्या. डलहौसीच्या झंपानींना कुमाऊंतील वेठीचा नियम सरसकट लावता येणार नाही. पण डोंगरातील कोणताही मुक्काम श्रमाच्या व्यवस्थेवाचून शक्य नव्हता, हे दोन्हीकडे खरे आहे.

येथे दोन नोंदवह्या समोरासमोर येतात. बंगल्यातील वहीत येणाऱ्याचे नाव, तारीख आणि अभिप्राय. गावच्या वहीत त्याचे ओझे वाहणाऱ्याची पाळी. प्रवासवर्णनाने बहुतांशी पहिल्या वहीचा घाट स्वीकारला. म्हणून त्यात आगमन आणि प्रस्थान असते, वाहून नेणारा क्वचितच असतो. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेल्या सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्रि’ (१९७०) या चित्रपटात हा घाट उलटा होतो. पालामूच्या वनविश्रामगृहात आरक्षणाशिवाय शिरलेले शहरी तरुण चौकीदाराला लाच देतात आणि त्याच्या आजारी पत्नीकडे त्यांचे लक्षही जात नाही. त्यांच्या सुटीचे नैतिक मूल्यमापन या दुर्लक्षातून घडते.

अल्मोड्याजवळील बिनसर अभयारण्यात आजही कुटुंबे शिखरे पाहण्यासाठी मुक्काम करतात. १३ जून २०२४ रोजी तेथे वणवा विझविताना वनखात्याच्या सेवेतील चार जण जागीच मृत्युमुखी पडले. पाहुण्याला अस्पर्श भासणारे अरण्य कोणीतरी जिवाच्या मोलाने राखत असते. गावच्या वह्या सरयूत गेल्या, हे योग्यच झाले. मात्र त्यांत ज्यांची पाळी लिहिली होती त्यांचा माग आता बंगल्याच्या बाजूने लिहिलेल्या साहित्यातूनच काढावा लागतो. ‘जीवनस्मृति’तील झंपानींचा विसावा हा असाच एक माग आहे.