जमाखर्चातून निघालेला उतार

कोंबडी स्वतःचं अंडं खायला लागते, त्यात पहिला गुन्हा बहुधा तिचा नसतो. एका खोक्यात दोघी-तिघी घुसतात, तळाचा भुसा विरळ असतो, किंवा खाद्यात कॅल्शियम कमी पडून कवच पातळ राहतं, आणि अंडं फुटतं. बलकाची चव लागली की पुढची ती चोचीने फोडते. ही खोड सहजी सुटत नाही. इलाज ठरलेले: चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका, आत अंधार, खाली जाड भुसा, अंडी वेळच्या वेळी उचलणं. सगळ्यांत पक्का इलाज तिरप्या तळाचा. अंडं पडलं की घरंगळत झाकलेल्या पन्हळीत जातं. चोच तिथवर पोचत नाही.

हा उतार अंडी वाचवायला निघाला असेल, असं कुणालाही वाटेल. मला तो जमाखर्चातून निघालेला दिसतो.

1898 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात गिल्बर्ट गोवेल यांनी जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांची निवड सुरू केली. कुणाचं अंडं कुठलं, हे कळायला त्यांनी सापळ्याचे खोके वापरले. कोंबडी आत शिरली की दार पडे. गडी येऊन तिच्या पायातल्या कडीचा आकडा टिपून तिला सोडी. वर्षाला 160 वर अंडी देणारीच पैदाशीला ठेवत. पुढे जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी आकडे तपासले, तर एवढ्या निवडीनंतरही कळपाची सरासरी वाढलेली नव्हती! तरीही कोंबडीगणिक नोंद ठेवण्याची सवय टिकली. अडचण एकच, प्रत्येक दार उघडायला माणूस हवा.

ती अडचण पिंजऱ्याने सोडवली. एका पिंजऱ्यात एक कोंबडी, तळाला तिरपी तारेची जाळी. अंडं आपण होऊन पुढे येई आणि जिच्यासमोर थांबे तिच्या खात्यावर चढे. 1930च्या दशकात अमेरिकेत असे पिंजरे पसरले. अंडं चोचीपासून वाचलं, हा वरकड नफा.

या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. 19व्या शतकात अमेरिकेत चोरकप्प्याच्या खोक्याची एक थट्टा चालत असे: अंडं खाली गडप होतं, कोंबडी वळून बघते, काहीच दिसत नाही, म्हणून बिचारी आणखी एक घालते. थट्टेत तथ्य होतं. अंडी साचली की कोंबडी खुडूक होऊन अंडी द्यायची थांबते. उचलत राहिलं तर देत राहते. म्हणजे अंडं लपवण्याची कल्पना पिंजऱ्याहून जुनी, हे मान्य. पण तिथे अंडं खाली पडतं आणि पडलेलं अंडं तडकतं. घरंगळणाऱ्या अंड्याला बेताचा उतार लागतो. तो उतार मोठ्या प्रमाणावर घासूनपुसून पक्का झाला पिंजऱ्यातच, असा माझा कयास.

मग युरोपात साधा पिंजराच गेला. स्वित्झर्लंडने 1981च्या नियमांनी दहा वर्षांची मुदत देऊन तो मोडीत काढला. युरोपीय संघाच्या 1999च्या निर्देशाने साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. कोंबड्या हजारोंनी मोकळ्या शेडमध्ये आल्या, त्यांना खोके देणं भाग पडलं, आणि एवढी अंडी हाताने वेचणार कोण? पिंजऱ्यातला उतार खोक्यात आला, पन्हळीत सरकता पट्टा बसला.

इथे कोंबडीचाही कौल लागतो. उतार फार झाला की ती खोका टाळून जमिनीवर अंडं घालते. म्हणून तळ बेताचा तिरपा ठेवतात, त्यावर मऊ चटई घालतात, तोंडाशी पडदा लावून आत अंधार करतात. आणि त्याच 1999च्या निर्देशात खोक्याची व्याख्या अशी आहे, की तळाची तारेची जाळी कोंबडीच्या अंगाला लागता कामा नये. पिंजऱ्याचा उतार कायद्याला चालला, त्याची तार चालली नाही.