मिरी, मिरची आणि पिमिएन्तो : स्वयंपाकघरातल्या शब्दांचा प्रवास

मिठबावात स्पॅनिश भाषेवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडला असेल. कारण अगदी घरगुती आहे. आपल्या किनाऱ्यावरची मुलं बोटीवर जातात, त्यातली काही भटारखान्यात लागतात, आणि तिथे शेजारी उभा असलेला आचारी कधी मेक्सिकोचा असतो, कधी पेरूचा. मग स्वयंपाकाचे स्पॅनिश शब्द पाठ करायला घ्यावे लागतात आणि पहिल्या दिवशी ते डोंगराएवढे वाटतात. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या यादीत आपल्या ओळखीची पुष्कळ मंडळी आधीच बसलेली आहेत. ती तिथे कशी पोचली, ते आज बघू.

आधी इथून तिकडे गेलेले शब्द घेऊ. साखरेला स्पेनमध्ये 'अथूकार' म्हणतात, दक्षिण अमेरिकेत 'असूकार'. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि मग स्पेन, असा तो प्रवास. अरबांनी स्पेनवर शतकानुशतकं राज्य केलं, त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघरात अरबी वाटेने आलेले शब्द भरपूर आहेत. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात. त्यात आपला नारंग आहे. 'लिमोन' म्हणजे लिंबू, हे सांगायलाही नको. वांग्याला 'बेरेंखेना' म्हणतात. संस्कृतात वातिंगण असा शब्द होता. आपलं वांगं त्याच घराण्यातलं, आणि फारसी-अरबीतून गेलेली बेरेंखेनाही त्याच घराण्यातली. तोच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून परत इकडे आला आणि इंग्रजीत 'ब्रिंजल' झाला. हॉटेलच्या मेन्यूवरचं ब्रिंजल म्हणजे परदेशी जाऊन आलेलं वांगंच!

आणखी एक गंमत बघा. आल्याला स्पॅनिशमध्ये 'खेंखीब्रे' म्हणतात. याचं मूळ संस्कृत शृंगवेर. आपण 'आलं' म्हणतो, 'सुंठ' म्हणतो. शृंगवेर आपल्या बोलण्यातून केव्हाच गेला. आपण विसरलेला शब्द ग्रीक-लॅटिनच्या वाटेने जाऊन स्पेनच्या स्वयंपाकघरात टिकला.

आता तिकडून इकडे आलेले. 1494 साली तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्र वाटून घेतला. अमेरिकेचा बहुतेक भाग स्पेनकडे, ब्राझील आणि पूर्वेची वाट पोर्तुगालकडे. म्हणून अमेरिकेतली फळं आणि भाज्या आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः पोर्तुगीज गलबतांतून, पोर्तुगीज नावं घेऊन. 1510 मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला, आणि गोवा आपल्याला किती जवळ हे तुम्हाला मी सांगायला नको. 'पाव' त्यांचा. स्पॅनिशमध्ये त्याच पावाला 'पान' म्हणतात, तेव्हा तिकडे जेवणानंतर पान मागाल तर पाव समोर येईल. काजू, अननस हे ब्राझीलमधल्या तुपी लोकांचे शब्द. क्रिस्तोबाल आकोस्ता या वैद्याने 1578 मध्ये बुर्गोस इथे छापलेल्या ग्रंथात कोचीनच्या बागांतल्या काजूचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काजूची ही जुनी नोंद चक्क स्पॅनिश भाषेत आहे. गोव्याचेच विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1913 मध्ये आशियातल्या पन्नासएक भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द गोळा केले. ज्यांना पुढे वाचायचं आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

बटाट्याची गोष्ट मात्र जपून लक्षात ठेवा. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द, आणि त्यांच्याकडे तो रताळ्याचं नाव होता! पोर्तुगिजांनी तो पुढे बटाट्याला लावला, आपण त्यांच्याकडून घेतला. स्पॅनिशमध्ये 'बाताता' म्हणजे आजही रताळंच. बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात. अर्जेंटिनात बटाटा मागितलात तर रताळं हातात पडेल.

यात एक नियम दिसतो. वस्तू नवी आली की ती आपलं नाव बरोबर आणते. समुद्रातली मासळी आधीपासून इथेच होती, म्हणून बांगडा, पेडवे, सुंगटां यांची नावं पोर्तुगीज राजवटीनेही बदलली नाहीत. पण या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आपल्या रोजच्या वाटणात आहे. मिरची अमेरिकेतून आली, तिचं नाव मात्र आलं नाही. आपण तिला मिऱ्यावरून मिरची म्हटलं. कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला होता. मिऱ्याला स्पॅनिशमध्ये 'पिमिएन्ता'. वाटेत भेटलेल्या या तिखट फळाला त्या लोकांनी 'पिमिएन्तो' केलं. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकच युक्ती. भुईमुगाचंही तसंच. तो दक्षिण अमेरिकेचा. आपण त्यात मूग पाहिला, जमिनीतला मूग.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला इथे न्यायदर्शनातलं उपमान आठवतं. 'गवय गाईसारखा असतो' असं ऐकलेला माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि म्हणतो, हाच तो गवय. तिथे नाव आधी कळतं, प्राणी नंतर भेटतो. स्वयंपाकघरात उलटं झालं. वस्तू आधी समोर आली आणि सारखेपणावरून नाव ठरलं. पण आधार तोच. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीचा हात धरूनच घरात येते.

आता थोडा नाजूक मुद्दा. 'हे आपलं, ते परकं' असं आपण फार ठामपणे बोलतो, आणि त्यात सगळ्यांत सोवळं ताट उपासाचं. त्या ताटात काय असतं? बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची : सगळे अमेरिकेचे. साबुदाण्याच्या नावात मलय भाषेतला 'सागू' आहे, आणि आपला साबुदाणा होतो टॅपिओकापासून, तो कंदही अमेरिकेचाच. राजगिराही मुळात तिकडचा. मेक्सिकोत अॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत. आज तिथे राजगिऱ्याच्या लाह्यांची, अगदी आपल्या चिक्कीसारखी वडी मिळते. तिचं नाव 'आलेग्रीया', म्हणजे आनंद. आणि ज्या भाताने या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पोसलं, तो उपासाला चालत नाही. याने कुणाचा उपास मोडत नाही, माझ्या घरीही हेच खातात. पण एखादी गोष्ट आपली कशाने होते, जन्मस्थानाने की वापराने, याचं उत्तर आपल्या आया-आज्यांनी चुलीपाशी केव्हाच देऊन टाकलेलं आहे. व्याख्यानांची त्यांना गरज पडली नाही.

शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. शब्द वर्णानुक्रमे पाठ करू नका, घराण्यांनी शिका : अरबी वाटेचे एकत्र, अमेरिकेचे एकत्र, पोर्तुगिजांच्या वाटेने घरी आलेले एकत्र. आणि वस्तू हातात घेऊन शिका. मेक्सिकोच्या 'मेताते'वर दगडी लाटण्याने वाटताना पाहाल तेव्हा पाटा-वरवंट्याचं भाषांतर करावं लागणार नाही. 'सोफ्रीतो' म्हणजे कांदा, लसूण, टोमॅटो तेलात सावकाश परतणं. त्याला फोडणी समजू नका, वाटण परतण्याच्या जवळ ठेवा. काही शब्दांना जोडीदार मिळणारच नाही. कोकमाला त्यांच्या घरात रोजचा शब्द नाही. तेव्हा सोलकढी करून त्या आचाऱ्याच्या हातात वाटी द्या आणि नाव सांगा. शब्द असेच जातात.