अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी



ऐतिहासिक स्थळे पाहावयास निघालेला माणूस प्रथम मान वर करून गडाकडे पाहतो. साताऱ्यात तर अजिंक्यतारा जवळजवळ कोठूनही दिसतो. तथापि या शहरात अनेकदा हिंडल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, साताऱ्याचा इतिहास गडावरून पायथ्याकडे उतरत आला आहे, आणि तो समजून घ्यावयाचा तर आपणही त्याच क्रमाने उतरले पाहिजे.

गडावरील मंगळाईचा बुरूज औरंगजेबाच्या वेढ्याची आठवण देतो. डिसेंबर 1699 मध्ये बादशहा जातीने येथे येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी एप्रिल 1700 पर्यंत गड झुंजविला. पुढे 12 जानेवारी 1708 रोजी याच साताऱ्यात शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला आणि पायथ्याशी शाहूनगर वसले. येथून इतिहास सपाटीला आला.

उतारावर चार भिंतींचे स्मारक लागते. ते 1857 च्या वीरांचे आहे. त्यामागची कहाणी मात्र 1839 पासूनची. त्या वर्षी कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते सुमारे चौदा वर्षे विलायतेत राहिले. महाराज 1847 मध्ये निवर्तले, 1848 मध्ये राज्यच खालसा झाले, तरी हा वकील मागे हटला नाही. अर्ज व्यर्थ गेल्यावर उठावाचा बेत झाला, तो फसला, आणि 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम होते. स्वतः रंगो बापूजी अज्ञातवासात गेले, ते पुन्हा दिसले नाहीत.

तेथून गावात उतरले की जुना राजवाडा येतो. राजा गेलेल्या या वाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली. आज तिला प्रतापसिंहांचेच नाव आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी या शाळेच्या नोंदवहीत, 1914 या क्रमांकापुढे, भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. त्या मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. सत्तेचा वाडा विद्येला मोकळा झाला होता. माणसाची मने अजून झाली नव्हती. माझ्या दृष्टीने साताऱ्यातील सर्वांत मोलाचे ऐतिहासिक स्थळ म्हणजे नोंदवहीचे ते पान होय.

वडोदऱ्याच्या श्रोत्यांना हे परके वाटू नये. याच विद्यार्थ्याला 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, आणि 1917 मध्ये नोकरीसाठी तो येथे आला तेव्हा याच नगरीत त्याला राहावयास जागा मिळाली नाही. दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातील आहेत. पहिली सांगून दुसरी झाकता येणार नाही.

म्हणून शाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. कपाटातील जुन्या नोंदवह्या वाळवीपासून जपाव्यात, रद्दीत जाऊ देऊ नयेत. गडाचा बुरूज ढासळला तर पुन्हा बांधता येतो. फाटलेले पान पुन्हा लिहिता येत नाही. त्यांतील कोणते नाव उद्याच्या इतिहासाचे आहे, हे आज आपल्यापैकी कोणीही सांगू शकणार नाही.