घड्याळाचा गजर आणि क्षेमकुशलाचा प्रश्न

ज्यांच्या घरीं दीर्घकाळ औषधपाणी चालू आहे, त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. औषध मिळविणें जितकें अवघड, तितकेंच तें न चुकतां घेणेंहि अवघड. ताप उतरला कीं बाटली फडताळांत तशीच राहते, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. परंतु कांहीं रोगांत अशी हेळसांड परवडत नाहीं. एचआयव्ही हा त्यांपैकीं एक. त्याच्या विषाणूवर औषधाचा दाब अखंड असावा लागतो. मात्रा वारंवार चुकल्या तर विषाणु पुन्हां वाढतो, आणि वाढतां वाढतां त्या औषधाला दाद न देणारें रूप धारण करूं शकतो. म्हणून या रोगाच्या चिकित्सेचा इतिहास हा एका अर्थीं माणसाला आठवण कशी द्यावी याचाच इतिहास आहे.

पहिली आठवण घड्याळानें दिली. १९८७ सालीं अमेरिकेंत एझेडटी हें पहिलें औषध मान्य झालें. तें दर चार तासांनीं, रात्रींहि उठून, घ्यावें लागे. रोगी गजराच्या डब्या जवळ बाळगीत. आणि चारचौघांत ती डबी वाजली कीं जें लपवावयाचें तेंच उघड होई. १९९६ पासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली आणि मृत्यूच्या दारांतून माणसें परत येऊं लागलीं. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक! पुढें २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तशीं औषधें वर्षाला ३५० डॉलरांत ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय सेवासंस्थेला देऊं केलीं, आणि किंमतीच्या आक्षेपाचा जोर ओसरूं लागला.

तेव्हां दुसरा आक्षेप पुढें आला. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारच्या परदेश-साहाय्य खात्याचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनीं म्हटलें कीं, आफ्रिकेंतील पुष्कळ लोकांनीं जन्मांत घड्याळ पाहिलेलें नाहीं. वेळेवर औषध घेणें त्यांना कसें जमावें? या शंकेला उत्तर आंकड्यांनीं दिलें. २००६ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां पुरेशा नियमितपणें औषध घेणारे उत्तर अमेरिकेंत शेंकडा ५५, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत शेंकडा ७७ निघाले.

तरीहि उरलेल्या तेवीस जणांचें काय? दवाखाना दूर असतो, गाडीभाडें नसतें, घरांत कोणाला कळेल ही धास्ती असते. याच सुमारास केनियांत मोबाईल सामान्य माणसाच्या हातीं आला होता. २००७-०८ मध्यें तेथील तीन दवाखान्यांत ५३८ रोग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्या रोग्यांना आठवड्यांतून एकदां एकच स्वाहिली शब्द येई : ‘मांबो?’—म्हणजे ‘कसें काय?’ रोगाचें नांव नाहीं, औषधाचा उल्लेख नाहीं. उत्तर ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण. अडचण कळली, अथवा दोन दिवसांत उत्तरच आलें नाहीं, तर दवाखान्यांतून फोन जाई. आपण औषध नीट घेतों असें सांगणारे या गटांत शेंकडा ६२, तर दुसऱ्या गटांत ५० भरले. माणूस सांगतो त्यावर किती भिस्त ठेवावी, असें कोणी म्हणेल. पण रक्तांतील विषाणूहि अनुक्रमें शेंकडा ५७ आणि ४८ जणांत आटोक्यांत आलेला आढळला.

पश्चिम केनियांतील चुलाइम्बो येथील प्रयोगाचा निष्कर्ष २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें आठवड्याला एकदां आलेल्या संदेशाचा गुण आला. रोजच्या संदेशाचा मात्र आला नाहीं. रोज वाजणारी घंटा कानाला संवयीची होते, हें कोणत्याहि गृहिणीला ठाऊक आहे. आपल्या देशाचा अनुभवहि लपवूं नये. दक्षिण भारतांत ६३१ रोग्यांना यंत्राच्या आवाजांत दर आठवड्याला आठवण देण्यांत आली. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिचा लक्षणीय उपयोग दिसला नाहीं.

दोन देशांची परिस्थिति भिन्न, म्हणून एवढ्यावरून सिद्धान्त मांडणें धाडसाचें होईल. तरी मला दिसतें तें असें : केनियांतील त्या एका शब्दामागें ‘अडचण आहे’ हें ऐकून घेणारें माणूस बसलेलें होतें. वेळ सांगण्याचें काम घड्याळाचें. तें त्यानें करावें. परंतु गोळी हातांत असूनहि ती घ्यावीशी वाटत नाहीं, अशा दिवशीं रोग्याला वेळ कळून काय उपयोग? त्या दिवशीं कोणीतरी ‘कसें काय?’ म्हणून विचारावें, आणि उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें. आपल्याहि घरांत कोणी रोज गोळ्या घेत असेल. ‘घेतलीस का?’ एवढेंच विचारून आपण वळतों; त्यापुढचा प्रश्न विचारावयाचा बहुधा राहूनच जातो.