शंभर हाली रुपये

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत जुन्या गोष्टी निघाल्या की रझाकार आणि पोलीस ॲक्शन येतंच. मी मात्र आज पैशाची गोष्ट सांगतो. जन्म बँकेत गेला, दुसरं काय सांगणार!

निजामाच्या संस्थानात हाली रुपया चालायचा, इंग्रजी मुलखात कळदार. ढोबळ हिशेब असा, की 6 कळदार म्हणजे 7 हाली. माझी आजी (आईची आई) परांड्याकडच्या खेड्यात, म्हणजे हालीत. तिची थोरली बहीण, आमची अक्काआजी, बार्शीला, म्हणजे कळदारात. मध्ये थोडे कोस आणि सरहद्द.

विहिरीसाठी आजोबांनी साडूंकडून 600 कळदार घेतले. फेडताना 600च दिले, पण हाली. चिठ्ठीत नुसतं ‘रुपये सहाशे’ लिहिलेलं. खरं तर 700 व्हायला हवे होते. त्या शंभरावरून साडू भांडले आणि बहिणींचं बोलणं दहा वर्षं बंद झालं.

1948 साली रझाकारांनी गाव लुटलं. आजोबा त्यात गेले. आजी दोन लेकरं घेऊन रातोरात बार्शीला आली. तेव्हा कितीतरी कुटुंबं अशीच सरहद्द ओलांडून आली होती. अक्काआजी आदल्याच वर्षी विधवा झालेली, मूलबाळ नाही. दार उघडून एवढंच म्हणाली, “आधी पाय धू. पोरं उपाशी दिसतात.”

13 ते 17 सप्टेंबर, पाच दिवसांत कारवाई आटोपली. पण आजीला परतायला घर उरलं नव्हतं. अक्काआजीने पाटल्या मोडून शिलाईचं मशीन घेतलं. एक कापायची, दुसरी शिवायची. मापावरून रोज वाद, पण ताट एकच. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी दोघी हैदराबादला आल्या. माझी आई ‘विवेकवर्धिनी’त शिकली ती त्या मशीनवर.

1972 साली मला बँकेत नोकरी लागली. पेढे ठेवले तेव्हा आजी म्हणाली, “अक्काचे शंभर हाली द्यायचे राहिलेत. किती होतात बघ.”

मी म्हटलं, “85 रुपये 71 पैसे.”

“व्याज धरलंस का रे?” अक्काआजी.

“व्याज तू खाल्लंस गं! वीस वर्षं माझ्या हातचं जेवतेस.”

दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

अक्काआजी आधी गेली. तेराव्यानंतर आजी मला हळूच म्हणाली, “आता ते शंभर द्यायचे कुणाला?” आयुष्यभर खाती जुळवली, पण याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नाही.

तुमच्या घरात कुणी असं सरहद्द ओलांडून आलं असेल, तर जरूर लिहा. सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.